तारीख कोणती, ते आधी सांगा

वसतिगृहात लेकरावर अत्याचार झाला तर सरकार पैसे देतं का, असं लोक आता माझ्या दुकानात येऊन विचारतात. हळू आवाजात विचारतात आणि उत्तर ऐकताना रस्त्याकडं बघत राहतात. मी आधी उलटा प्रश्न करतो: घडलं कधी? कुणी केलं, कुठं केलं, संस्था सरकारी की खाजगी, हे सगळं नंतर. आपल्याकडं भरपाईचं दार उघडणार की नाही, हे पहिल्यांदा तारखेवर ठरतं. मला हे माझ्या स्वतःच्या प्रकरणात कळलं.

मी सोनारीचा. परांडा तालुक्यातलं हे गाव लोकांना काळभैरवनाथामुळं आणि देवळाभोवतीच्या माकडांमुळं माहीत आहे. माझं नारळ-हाराचं दुकान देवळाच्या वाटेवरच आहे, त्यामुळं दोघांशीही माझा रोजचा संबंध. चैत्रातल्या यात्रेला गाव माणसांनी फुलतं. दिवाळीच्या सुमाराला मात्र आमच्यासारख्या घरांना कुलपं लागायची. मुकादमाची उचल घेतलेली असायची, ती फेडायला आई-वडील कोयता घेऊन कारखान्यावर जायचे. लेकराची शाळा बुडू नये म्हणून मला एका निवासी शाळेत ठेवलं. जिल्हा दुसरा होता. १९९० नंतरची ती वर्षं. संस्थेचं नाव मी लिहिणार नाही आणि तिथं रात्री काय व्हायचं त्याचं वर्णनही करणार नाही. तो तपशील जबाबात लिहून दिला आहे, तेवढं पुरे. घरी का सांगितलं नाही, असं पुढं बऱ्याच जणांनी विचारलं. आई-वडील पाचटाच्या खोपीत, उसाच्या फडात. पोरगं मधेच घरी आलं तर त्याला ठेवायचं कुठं, हे मला दहाव्या वर्षी समजत होतं.

चाळिशी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा हे कुणाजवळ तरी बोललो, ते एका वकिलाजवळ. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणं स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना उत्पन्नाचा दाखला न विचारता तिथून फुकट वकील मिळतो; बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. मला मिळालेले वकील तरुण होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि एका कोऱ्या कागदावर तीन तारखा लिहिल्या.

३१ डिसेंबर २००९. या दिवसापासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ३५७-अ लागू झालं. गुन्ह्यात होरपळलेल्या माणसाला राज्यानं आपल्या निधीतून भरपाई द्यायची, ही व्यवस्था या कलमातून आली. १ जुलै २०२४ पासून हेच नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९६ म्हणून आहे. दुसरी तारीख १४ नोव्हेंबर २०१२. त्या बालदिनी, मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा लागू झाला. त्यात अठरा वर्षांखालचा मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. तिसरी २ ऑक्टोबर २०१३, महाराष्ट्राच्या मनोधैर्य योजनेची. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या महिला व बालकांना मदत देणारी ही योजना.

माझी शाळा या तिन्ही तारखांच्या कितीतरी आधीची.

गुन्ह्याची तक्रार आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी मला समजलं. दोन्हींची गल्लत करून लोक दोन्ही सोडून देतात. तक्रार करायला उशीर झाला म्हणून ती बाद होत नाही. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीची आडकाठी नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राच्या विधी खात्यानंही स्पष्ट केलं की लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार माणूस कोणत्याही वयात करू शकतो. फक्त कायदा त्या काळचा लागतो. २०१२ पूर्वी मुलींसाठी भारतीय दंड विधानाचं ३७६ होतं. मुलांसाठी घासूनपुसून ३७७, एवढंच. पोक्सो मागं जाऊन लागू होत नाही, कारण ज्या दिवशी कृत्य घडलं त्या दिवशी नसलेल्या कायद्याखाली कुणाला शिक्षा करता येत नाही, असं राज्यघटनेचं विसावं कलमच सांगतं. माझ्या बाबतीत तोही रस्ता अर्धा बंद होता. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो माणूस मरून गेला होता.

घरी येऊन मी बरंच वाचलं. पोराच्या मोबाईलवर वाचलं आणि आयर्लंडपर्यंत जाऊन पोचलो. तिथं धर्मसंस्था आणि सरकार यांनी मिळून चालवलेल्या निवासी शाळांत हजारो मुलांचे हाल झाले होते. त्यांच्या सरकारनं २००२ मध्ये कायदा करून फक्त याच कामासाठी एक मंडळ नेमलं. अर्जदारानं तीन गोष्टी दाखवायच्या: मी अठराच्या आतला होतो, यादीतल्या अमुक संस्थेत राहात होतो, आणि तिथं मला इजा झाली. आरोपीला शिक्षा झाली आहे की नाही, तो जिवंत आहे की नाही, याच्यावर काही अडत नव्हतं. वाचताना हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. पण पुढं वाचलं तसे त्यातले खाचखळगेही दिसले. संस्था कायद्याच्या यादीत नसेल तर अर्ज बाद. अर्जाची मुदत १५ डिसेंबर २००५ ला संपली. नंतर अपवाद म्हणून काही अर्ज घेतले, पुढं तेही थांबवले. पैसे घेणाऱ्यानं त्या सुनावणीची माहिती बाहेर फोडायची नाही, अशी कायद्याचीच अट. या संस्थांची चौकशी करणाऱ्या रायन आयोगाचा, सारा देश हादरवणारा अहवाल आला तो मे २००९ मध्ये, म्हणजे अर्जाची मुदत संपून गेल्यावर. तो वाचून ज्यांना बोलायचं धाडस झालं असेल त्यांनी काय करायचं? ऑस्ट्रेलियानं चौकशी आयोगाचं काम आधी पुरं केलं आणि १ जुलै २०१८ पासून दहा वर्षांसाठी योजना उघडली, कमाल दीड लाख डॉलरची. हा क्रम मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडं जुन्या वसतिगृहांसाठी अशी योजना नाही. आपल्याकडं प्रकरणं एकेक करून उघडी पडतात. कळंबोलीच्या संस्थेतल्या मतिमंद मुलींवरचे अत्याचार २०११ मध्ये बाहेर आले आणि मुंबईच्या न्यायालयात २०१३ मध्ये शिक्षा झाली. गुन्हा पोक्सोच्या आधीचा, म्हणून खटला दंड विधानाखाली. २०१६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात खामगाव तालुक्यातल्या पाळा इथली आश्रमशाळा. २०१९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याचं वसतिगृह, आदिवासी मुलींचं. बिहारमध्ये मुझफ्फरपूरचं बालिकागृह उघडं पडलं ते आपल्या मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटानं केलेल्या पाहणीच्या २०१८ मधल्या अहवालामुळं. तिथल्या ४९ मुलींना ३ ते ९ लाख रुपये मिळाल्याचं मानवाधिकार आयोगानं सांगितलं. म्हणजे मिळतात. पण मागितल्याशिवाय, कुणीतरी पाठीशी उभं राहिल्याशिवाय सहसा मिळत नाहीत.

मी यात पडलो ते आमच्या नात्यातल्या एका मुलामुळं. नातं कोणतं, त्याचं वय किती, वर्ष कोणतं, हे मुद्दाम सांगत नाही. पीडित मुलाची ओळख पटेल असं काहीही छापायला पोक्सोच्या कलम २३ ची बंदी आहे, आणि आई-वडिलांनी परवानगी दिली तरी ती उठत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं निपुण सक्सेना प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये सांगितलं आहे. आमच्या पुढाऱ्यांना आणि युट्यूबवाल्यांना हे कुणीतरी नीट ऐकवायला पाहिजे. पोराच्या घरापुढं उभं राहून व्हिडिओ काढतात.

तो मुलगा सुट्टीला घरी आला आणि परत जायला नाही म्हणाला. त्याची आई, जिला मी आक्का म्हणतो, तिनं दोन दिवसांत ओळखलं. लागलीच संस्थेकडून एक माणूस आला. गोड बोलला. “आक्का, लेकराचं नाव खराब व्हतंय, आपल्यातच मिटवू,” म्हणाला. सोबत स्टॅम्प पेपर तयार करूनच आणला होता. काही रक्कम रोख, मुलाला दुसऱ्या शाळेत प्रवेश, आणि खाली लिहिलेलं की आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. भावकीतली मोठी माणसं त्याच्या बाजूनं बोलायला लागली. मुलगाच आहे, त्याला काय होतंय, असंही एक जण म्हणाला. मी तिथून उठून गेलो नाही, बसून राहिलो.

अशा कागदाला कायद्यात किंमत नाही. पोक्सोचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. पक्षकारांमध्ये तडजोड झाली म्हणून असा खटला रद्द करू नये, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात पुन्हा सांगितलं. उलट ज्याला गुन्हा कळला त्यानं पोलिसांना कळवायचंच, असं कलम १९ म्हणतं. आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर कलम २१ खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. ती रोख रक्कम घेतली असती तर नुकसान आणखी वेगळं झालं असतं. भरपाईचा सगळा पाया म्हणजे गुन्ह्याची नोंद. एफआयआर नाही तर पुढचं काहीच नाही.

एफआयआर कुठं करायचा, याचीही लोकांना धास्ती असते. संस्था सोलापूर जिल्ह्यात किंवा बीडला, आई-बाप सांगली-कोल्हापूरकडं फडावर, घर इकडं. त्यानं काही अडत नाही. कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो आणि तो तिकडं पाठवतात. मुलाला ठाण्यात नेलंच पाहिजे असंही नाही. त्याचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा असतो, आणि घेणारा अधिकारी वर्दीत नसावा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती लगेच, त्याच दिवशी मागून घ्या. नोंद झाली की २४ तासांत पोलिसांनी बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. समिती मुलासाठी एक सहायक व्यक्ती नेमू शकते, जी खटला संपेपर्यंत सोबत राहते. आम्हाला मिळालेली बाई फार चांगली होती. कोणत्या तारखेला यायचं, कोणत्या तारखेला आलं नाही तरी चालतं, हे तिच्यामुळं कळायचं आणि आक्काची मजुरी बुडायची थांबली.

आता खरा मुद्दा. निकाल लागल्यावर भरपाई मिळते, तोवर थांबा, असं आम्हाला एका कार्यालयात सांगितलं. शिक्षा झाली तरच मिळते, असं दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही चूक. २०२० च्या पोक्सो नियमांतला नियम ९ साध्या शब्दांत सांगतो की एफआयआर झाल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं, अर्जावरून किंवा स्वतःहून. पुढं अंतिम रक्कम ठरेल तेव्हा ही त्यातून वजा होते. आणि अंतिम भरपाई आरोपी सुटला तरी देता येते, आरोपीचा माग लागला नाही तरी देता येते. मुलाला इजा झाली असं न्यायालयाला वाटलं की बास. कायद्यात याचं मूळ कलम ३३ च्या आठव्या पोटकलमात आहे. हा नियम छापून घेऊन जवळ ठेवा. मी ठेवला होता. एका साहेबांसमोर तो कागद ठेवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून वाचला आणि मग खुर्ची दिली.

नियम ८ वेगळा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. पहिल्या काही दिवसांत प्रवास, कपडे, खाणं, औषध यांना पैसे लागतात. त्यासाठी बालकल्याण समिती तातडीच्या मदतीची शिफारस करू शकते आणि शिफारस मिळाल्यापासून आठवड्याच्या आत ती द्यायची असते. इथून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे बार्शीवरून दोन एसट्या बदलून जाणं, दिवसाचा रोज बुडवून. ही रक्कम लहान असली तरी माणूस प्रकरण मधेच सोडून देतो की नाही, ते तिच्यावर ठरतं, असं मी पाहिलं आहे.

रक्कम किती, हा पुढचा प्रश्न. मनोधैर्य योजनेत सुरुवातीला २ ते ३ लाख होते. २०१७ मध्ये एका लहान मुलीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला चांगलंच सुनावलं: तुम्ही दानधर्म करत नाही, हा तिचा हक्क आहे, आणि शेजारच्या गोव्यात १० लाखांपर्यंत देतात ते पाहा, अशा आशयाचं. त्यानंतर डिसेंबर २०१७ मध्ये योजना सुधारली. निर्णय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं गेला, कायमचं अपंगत्व वगैरे गंभीर प्रसंगी कमाल १० लाख आणि एरवी ३ लाखांपर्यंत, असं ठरलं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१८ ची योजना निराळी. तिच्यात बलात्काराला ४ ते ७ लाख आहेत आणि पीडित अल्पवयीन असेल तर मर्यादा दीडपट. ती लिहिली महिलांसाठी, पण पोक्सोच्या मुलांना भरपाई ठरवताना विशेष न्यायालयांनी ती समोर ठेवावी, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये सांगितलं, आणि पोक्सोत मुलगा-मुलगी भेद नाही याचीही आठवण दिली. म्हणून वकिलाला सांगा की न्यायालयातल्या अर्जात या योजनेचा उल्लेख करा. एकाच गुन्ह्यासाठी दोन्हीकडून पुरी रक्कम मिळत नाही, आधीची वजा होते. एकीकडं मिळालेली रक्कम दुसरीकडं लपवू मात्र नका.

अर्जात काय लिहायचं? बहुतेक अर्जांत ‘अत्याचार झाला, भरपाई मिळावी’ एवढंच असतं. नियम ९ मध्ये न्यायालयानं काय बघायचं ते दिलेलं आहे. अत्याचार एकदाच झाला की बराच काळ चालला. करणारा मुलाच्या भरवशाचा माणूस होता का. वसतिगृहाचा अधीक्षक, शिक्षक, स्वयंपाकी हे सगळे त्यात येतात, आणि संस्थेच्या माणसानं केलेला गुन्हा पोक्सोच्या कलम ५ खाली जास्त गंभीर धरला जातो. उपचाराला किती खर्च आला, पुढं किती येईल. शाळा किती बुडाली. घरची परिस्थिती कशी आहे. यातल्या प्रत्येकाला एकेक ओळ आणि जमल्यास एकेक कागद. आमच्या मुलाचं अख्खं वर्ष वाया गेलं, त्याला दाखवायला हजेरीपट लागला. तो संस्थेकडून सहजासहजी मिळणार नव्हताच. न्यायालयामार्फत मागवावा लागला.

आणि वय. अठराच्या आतबाहेरचं प्रकरण असेल तर सगळं इथं येऊन अडकतं. आमच्या भागात कित्येकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती टाकून दिली. वय कसं ठरवायचं याचा क्रम २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. त्यातून आणखी एक घोळ आमच्याच जिल्ह्याचा. जुन्या दाखल्यांवर उस्मानाबाद आणि २०२३ नंतरच्या कागदांवर धाराशिव. संगणकावर बसलेल्या माणसाला हे दोन जिल्हे वाटले. हसू नका, यात दिवस गेले.

मूल अनुसूचित जाती-जमातीतलं आणि आरोपी त्यांच्याबाहेरचा असेल, तर तिसरा रस्ता आहे आणि तो कुणी आपणहून सांगत नाही. ॲट्रॉसिटी कायद्याच्या नियमांखाली समाजकल्याण खात्याकडून वेगळं अर्थसाहाय्य मिळतं. २०१६ च्या तरतुदीप्रमाणं बलात्काराच्या प्रकरणात ५ लाख, त्यातले निम्मे वैद्यकीय अहवालानंतरच, पाव हिस्सा आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर, उरलेला खटला संपल्यावर. त्यासाठी एफआयआरमध्ये ॲट्रॉसिटीची कलमं लागलेली असावी लागतात, म्हणून जातीचा दाखला पहिल्याच दिवशी सोबत न्या. इथं एक विसंगती मला खटकते. पारधी वस्तीवरच्या लेकराला हे लागू होतं, कारण पारधी अनुसूचित जमातीत आहेत. शेजारच्या लमाण तांड्यावरच्या लेकराला होत नाही, कारण महाराष्ट्रात लमाण विमुक्त जातींत मोडतात. आश्रमशाळा एकच, खोली एकच.

मारहाण, उपाशी ठेवणं, राबवून घेणं याला काय, असं विचाराल तर उत्तर निराश करणारं आहे. भरपाईच्या योजना मुख्यतः लैंगिक अत्याचार, जीव जाणं, अपंगत्व यांभोवती आखलेल्या आहेत. संस्थेच्या कर्मचाऱ्यानं क्रूरपणे वागवलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे. शिस्तीच्या नावाखाली मारलं तर कलम ८२, पण पहिल्या वेळी फक्त १० हजार दंड. हा दंड सरकारकडं जातो, मुलाकडं नाही. कायमची इजा झाली असेल तर मात्र राज्याच्या पीडित भरपाई योजनेत अर्ज करता येतो. कान फुटलेली, हात वाकडा राहिलेली माणसं माझ्या वयाची गावोगावी आहेत. आयर्लंडमध्ये मार आणि उपासमार दोन्ही भरपाईला पात्र होते. आपल्याकडं यावर अजून कुणी बोलतच नाही.

राजुऱ्याच्या वेळी काही पुढारी जाहीरपणे म्हणाले की भरपाईचे ३-५ लाख मिळतात म्हणून पालक तक्रारी करतात. खूप टीका झाली त्यावर. पण तोच बोल आमच्या पारावरही आक्काला ऐकावा लागला. त्याला माझं उत्तर व्यवहाराचं आहे. मुलाची बहुतेक रक्कम कुणाच्या हातात येतच नाही. राष्ट्रीय योजनेत अल्पवयीन मुलाच्या ८० टक्के रकमेची मुदत ठेव होते. ती तो अठराचा झाल्यावर, आणि ठेवून किमान तीन वर्षं झाल्यावर निघते. मधे शिक्षणाला किंवा दवाखान्याला लागली तर परवानगीनं काढता येते. खातं मुलाच्या नावानं पालकासोबत उघडायचं, आणि आईच्या आधारवरचं नाव पासबुकाशी जुळतं का ते आधी बघायचं. आमच्याकडं माहेरचं आणि सासरचं असं दोन नावांचं झालं होतं. आणि हो, आईचंच नाव पालक म्हणून घाला. बाप वाईट असतो म्हणून नव्हे. उचल देणारा मुकादम बापाच्या खात्यावर डोळा ठेवून असतो म्हणून.

आदेश झाल्यावर राज्य सरकारनं ३० दिवसांत रक्कम द्यायची असं नियमात आहे. आम्हाला निधी आलेला नाही, हे उत्तर मिळालं. मग त्याच न्यायालयात, आदेश पाळला नाही, असा साधा अर्ज केला. न्यायालयातून विचारणा गेली आणि रक्कम आली. तोंडी नकार कुठंही मान्य करू नका. लेखी मागा, त्यावर तारीख असू द्या. जिल्ह्याच्या प्राधिकरणानं अर्ज फेटाळला तर राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडं अपील करता येतं, आणि त्याची मुदत आदेशाच्या प्रतीवरून मोजतात. राष्ट्रीय योजनेत मूळ अर्जाला गुन्ह्यापासून किंवा एफआयआरपासून तीन वर्षांची मुदत आहे. सबळ कारण दिलं तर उशीर माफ होतो. मूल असणं, आई-बाप फडावर असणं ही सबळ कारणंच आहेत, पण ती अर्जात लिहावी लागतात. फोन करायचा तर मुलांसाठी १०९८ आणि वकिलासाठी १५१००.

माझा स्वतःचा अर्जही मी दिला आहे. वकिलांनी बजावलं की आशा कमी ठेवा. पण केरळ उच्च न्यायालयानं २०२० मध्ये असं म्हटलं आहे की आरोपीचा माग लागला नाही आणि खटलाच चालला नाही अशा प्रकरणात पीडितानं थेट प्राधिकरणाकडं करायचा जो अर्ज असतो, तो २००९ च्या आधीच्या गुन्ह्यासाठीही चालतो. तो निर्णय आपल्या राज्याला बंधनकारक नाही, आणि माझ्या बाबतीत आरोपी कोण हे माहीत आहे, त्यामुळं माझं प्रकरण त्यात नीट बसतही नाही. तरी अर्ज नोंदला गेला, पोच मिळाली.

त्यासोबत जोडायला मी त्या शाळेत होतो याचा कागद लागला. शाळा सोडल्याचा दाखला घरात सापडला नाही, संस्था कधीच बंद झालेली. पण अनुदान घेणाऱ्या संस्थेची कागदपत्रं खात्याकडं असतात. आश्रमशाळा आदिवासी मुलांची असेल तर आदिवासी विकास, भटक्या-विमुक्तांची असेल तर आधी समाजकल्याण आणि आता इतर मागास बहुजन कल्याण, बालगृह असेल तर महिला व बालविकास. त्या खात्याच्या जिल्हा कार्यालयात, ज्या जिल्ह्यात शाळा होती तिथल्या, माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून द्यायचा: अमुक ते अमुक सालच्या प्रवेश रजिस्टरमधल्या माझ्या नावाच्या नोंदीची साक्षांकित प्रत आणि त्या काळातल्या कर्मचाऱ्यांची मंजूर यादी. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जुनी रजिस्टरं मुदत संपली की नष्ट करतात, म्हणून ज्याला अजून तक्रारीचं धाडस होत नाही त्यानंही हा एक अर्ज आत्ताच टाकून ठेवावा. त्यात कारण लिहावं लागत नाही आणि कुणी विचारूही शकत नाही.